तिबेटला त्याचा स्वतःचा पाठ द्या : इतिहास पाठ्यपुस्तक अभ्यासगटाला खुले पत्र

प्रति,
राज्याची इतिहासाची पाठ्यपुस्तके घडवणाऱ्या अभ्यासगटाचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

नवा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे. वरच्या वर्गांची पुस्तकेही आज ना उद्या नव्याने लिहिली जातील. ती छपाईला जाण्याआधी एक मागणी आपल्यापुढे ठेवतो. नववी-दहावीच्या इतिहासात तिबेटला एक स्वतंत्र पाठ द्यावा. आमची मुले तिबेट हे नाव ऐकतात ते भूगोलाच्या तासाला, पठार म्हणून, ब्रह्मपुत्रेचा उगम म्हणून. इतिहासात कानावर पडलेच तर १९६२ च्या युद्धाच्या निमित्ताने, दोन मोठ्या देशांमधली मोकळी जागा असल्यासारखे. त्या जागेत माणसे राहत होती, त्यांचे सरकार होते, सैन्य होते, त्यांनी शेजाऱ्यांशी लढाया केल्या आणि स्वतःच्या सहीशिक्क्याने तह केले, हे मुलांना कळायला हवे.

ही मागणी महाराष्ट्रातून का, असे कुणी विचारील. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, इटियाडोह धरणाजवळच्या गोठणगावला १९७० च्या दशकापासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. तिचे नाव नोर्ग्येलिंग. आसपासच्या गावांत तिला सगळे ‘तिबेटियन कॅम्प’ म्हणतात. थंडी पडू लागली की राज्यातल्या कितीतरी शहरांत तिबेटी बायाबापड्या स्वेटर-मफलरची दुकाने मांडून बसतात. मी पूर्व विदर्भात इतिहास शिकवतो. या लोकांचा विषय वर्गात निघाला तेव्हा एका मुलीने विचारले, “सर, यांचा देश कुणी घेतला? आणि यांनी तो घेऊ कसा दिला?” पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येते. दुसऱ्या प्रश्नासाठी अडीच-तीनशे वर्षे मागे जावे लागते. तो दुसरा प्रश्न आपल्या पुस्तकाने घ्यावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

सुरुवात कुठून करावी? माझ्या मते १७१७ पासून. त्याआधीचे थोडक्यात सांगून चालेल : सातव्या-आठव्या शतकांत तिबेट स्वतःच एक बलाढ्य साम्राज्य होते आणि ७६३ मध्ये तिबेटी फौजांनी चीनची राजधानी छांगआन काही दिवस ताब्यात घेतली होती. ८२१-२२ मध्ये दोन्ही सत्तांनी तह केला आणि तो ल्हासातल्या दगडी स्तंभावर दोन्ही भाषांत कोरला. तेराव्या शतकात मंगोल आले. त्यांच्या फौजेने १२४० मध्ये रेटिंगचा मठ जाळला, पुढे सुमारे शंभर वर्षे साक्य मठाच्या लामांनी मंगोल सत्तेच्या छत्राखाली कारभार पाहिला आणि चौदाव्या शतकाच्या मध्याला तिबेटी सरदारानेच ती व्यवस्था मोडली. १६४२ मध्ये पाचव्या दलाई लामांच्या हाती सत्ता आली तीही गुश्री खान या मंगोल सरदाराच्या तलवारीने. बाहेरच्या फौजेला आपल्या भांडणात बोलावण्याची खोड तिबेटच्या सत्ताधाऱ्यांना तेव्हापासूनच होती आणि तिची किंमत त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी मोजली. हेही पाठात स्पष्ट लिहावे.

१७१७ मध्ये झुंगार मंगोलांनी ल्हासा लुटले. त्यांना हाकलायला १७२० मध्ये चीनवर राज्य करणाऱ्या मांचू घराण्याचा सम्राट कांगशी याची फौज आली. येताना तिने सातव्या दलाई लामांना सोबत आणले होते, त्यामुळे ल्हासातल्या लोकांनी तिचे स्वागतच केले. फौज तीन वर्षांत बरीचशी परतली. पण १७२४ मध्ये ईशान्येकडचा आम्दो प्रदेश मांचूंनी ताब्यात घेतला, आणि १७२७-२८ मध्ये तिबेटी मंत्र्यांच्या आपसांतल्या यादवीनंतर ल्हासात दोन ‘अंबान’ कायमचे बसले. अंबान म्हणजे सम्राटाचा निवासी अधिकारी, दिमतीला शिबंदी. मराठी मुलांना हे समजावणे मुळीच अवघड नाही. पुणे, नागपूर, सातारा या दरबारांत बसलेला इंग्रज रेसिडेंट त्यांनी आधीच वाचलेला असतो.

रेसिडेंटशी दरबाराचे कसे बिनसते, तेही १७५० मध्ये ल्हासात दिसले. तेव्हाचा तिबेटी शासक ग्युर्मे नामग्याल अंबानांना जुमानत नव्हता. त्यांनी त्याला आपल्या वाड्यात बोलावले आणि तिथेच ठार केले. बातमी बाहेर पडताच जमावाने वाड्याला आग लावली. दोन्ही अंबान मेले, त्यांच्यासोबत शहरातले बरेच चिनी सैनिक आणि व्यापारीही मारले गेले. सातव्या दलाई लामांनी उरलेल्या चिन्यांना पोताला प्रासादात आसरा दिला. पुन्हा फौज आली, सूत्रधारांना देहदंड झाला, शिबंदी वाढली, आणि १७५१ मध्ये ‘काशाग’ हे चार मंत्र्यांचे मंडळ नेमले गेले, जे पुढे दोनशे वर्षे टिकले. या एका प्रसंगात परकी सत्तेचा पूर्ण नमुना आहे. आपण वर्गात नेहमी मोहिमांची जंत्री देतो. त्यापेक्षा असा एक प्रसंग नीट सांगितला तर मुले विसरत नाहीत.

दक्षिणेकडून आलेली स्वारी नाण्यांच्या भांडणातून आली. तिबेट आपली चांदी काठमांडूच्या खोऱ्यात पाठवी आणि तिथले मल्ल राजे त्याची नाणी पाडून परत देत. त्यांनी चांदीत भेसळ सुरू केली. पृथ्वीनारायण शहाच्या गोरखा फौजांनी खोरे जिंकल्यावर नवी शुद्ध नाणी आली, तेव्हा जुन्या खोट्या नाण्यांचा भाव काय धरायचा यावर वर्षानुवर्षे वाद चालला. १७८८ मध्ये गोरखे तिबेटात शिरले. १७९१ मध्ये पुन्हा येऊन त्यांनी शिगात्सेजवळचा ताशील्हुन्पो मठ लुटला. १७९२ मध्ये फुकांगआन या मांचू सेनापतीने त्यांना हिमालय ओलांडून काठमांडूच्या उंबरठ्यापर्यंत मागे रेटले. उपकाराची परतफेड १७९३ मध्ये करावी लागली : बीजिंगने २९ कलमांचा हुकूम काढला, दलाई लामांची निवडही सोन्याच्या कलशातून चिठ्ठी काढून व्हावी असे त्यात होते. मांचू सत्तेचा तिबेटवरचा हा सर्वात घट्ट काळ. आज बीजिंग जुन्या हक्कांची भाषा करते तेव्हा बहुधा याच कलशाचा दाखला देते. म्हणून तो कलश कोणत्या लढाईनंतर आला, हे मुलांना ठाऊक असायला हवे.

यानंतरच्या शतकात काय झाले ते पाहिले की चित्र बदलते. हा भाग पाठाचा कणा असावा, आणि त्यात आपल्या बाजूचीही एक फौज आहे.

१८४१ च्या उन्हाळ्यात जम्मूच्या गुलाब सिंहाचा सेनापती जोरावर सिंह काही हजार सैनिक घेऊन लडाखमधून पश्चिम तिबेटात घुसला. गुलाब सिंह तेव्हा लाहोरच्या शीख दरबाराचा मांडलिक. लक्ष्य होते पश्मिना लोकरीचा व्यापार. रुदोक, गारतोक पडले. मानसरोवराच्या काठाने तो पार ताकलाकोटपर्यंत, नेपाळच्या सीमेपाशी पोचला. मग हिवाळा आला. खिंडी बर्फाने बुजल्या, रसद तुटली. मैदानी आणि डोंगराळ भागातून आलेल्या शिपायांनी ऊब मिळावी म्हणून बंदुकांचे लाकडी दस्ते जाळले. ज्यांची बोटे थंडीने गळाली त्यांना शस्त्र धरता येईना. १२ डिसेंबर १८४१ रोजी तोयो गावाजवळ तिबेटी फौजेने जोरावर सिंहाला गाठून मारले. त्याच्या शौर्याबद्दल तिबेटी लोकांना इतका आदर वाटला की त्याच्या अस्थींवर त्यांनी छोर्तेन, म्हणजे स्तूप, बांधला. पकडलेल्या सैनिकांपैकी काही परत गेलेच नाहीत, तिकडेच संसार थाटून राहिले. पुढच्या वर्षी तिबेटी फौज लेहवर चालून आली आणि तिचा पराभव झाला. सप्टेंबर १८४२ मध्ये दोन्ही बाजूंनी जुन्या सीमा मान्य करून तह केला.

या सगळ्या लढाईत बीजिंगहून एकही पलटण आली नाही. चीन तेव्हा अफूच्या युद्धात इंग्रजांशी झुंजत होता. ल्हासाने स्वतःची फौज उभी केली, स्वतः लढाई जिंकली, स्वतः हरली आणि स्वतःच्या अधिकाऱ्यांकरवी तह केला. १८५५ मध्ये नेपाळच्या जंगबहादुर राणाने स्वारी केली तेव्हाही तिबेट एकटाच होता. १८५६ च्या थापाथली तहाने त्याला दरसाल दहा हजार रुपये नेपाळला देणे भाग पडले, आणि ही रक्कम जवळजवळ शंभर वर्षे जात राहिली. १७९३ चा हुकूम शिकवायचा आणि १८४२, १८५६ चे तह गाळायचे, तर मुलांसमोर अर्धाच इतिहास जातो, आणि तो अर्धा नेमका कुणाच्या सोयीचा आहे हे मी सांगायला नको.

आता १९०४. या वर्षासाठी पाठात निदान दोन पाने हवीत, कारण ती मोहीम भारतातून निघाली, भारतीय शिपायांच्या पायांनी चालली आणि भारतीय रयतेच्या पैशाने लढली गेली.

लॉर्ड कर्झनला वाटत होते की रशिया ल्हासात पाय रोवतो आहे. तिबेटशी बोलणी करायची तर तेरावे दलाई लामा त्याची पत्रे न उघडता परत पाठवत. त्याआधी १८९० मध्ये इंग्रजांनी सिक्कीम-तिबेट सीमेचा करार चीनशी केला होता. ज्याची सीमा त्या तिबेटला विचारलेच नव्हते. तिबेटने तो करार मानला नाही, यात नवल ते काय? १९०३ मध्ये कर्नल फ्रान्सिस यंगहजबंड याच्या नेतृत्वाखाली ‘मिशन’ निघाले. सोबत ब्रिगेडियर जनरल मॅक्डोनाल्डची फौज : शीख पायोनिअर, गुरखा, पहाडी तोफा, मॅक्सिम तोफा (म्हणजे मशीनगन). पाठीवर सामान वाहणारे हजारो हमाल आणि याक, खेचरे वेगळीच.

३१ मार्च १९०४. तूना आणि गुरू या गावांच्या मध्ये, सुमारे पंधरा हजार फूट उंचीवर, तिबेटी लोकांनी दगडांची एक भिंत रचून रस्ता अडवला होता. भिंतीमागे सुमारे दीड हजार माणसे, बरीचशी शेतकऱ्यांतून गोळा केलेली. हातांत वातीने पेटणाऱ्या जुन्या तोड्याच्या बंदुका, तलवारी, भाले. गळ्यात लामांनी मंत्रून दिलेले ताईत. आपण पहिली गोळी झाडायची नाही, असा त्यांना हुकूम होता. इंग्रज फौजेने दोन्ही बाजूंनी टेकड्या धरल्या, मॅक्सिम तोफा रोखल्या, आणि शीख शिपायांना पुढे करून तिबेट्यांच्या हातांतून शस्त्रे काढून घ्यायला सुरुवात केली. ओढाताण झाली. तिबेटी सेनापती ल्हाडिंग देपोन याने पिस्तूल झाडले, एका शीख शिपायाचा जबडा फुटला. पुढच्या काही मिनिटांत सहाशेच्या वर तिबेटी माणसे मारली गेली. इंग्रज बाजूला जखमी झाले ते डझनभर.

पाहणाऱ्यांनी लिहून ठेवले आहे की वाचलेले तिबेटी पळाले नाहीत. मान खाली घालून, सावकाश चालत ते निघून गेले, आणि गोळ्या त्यांच्या पाठींत लागत राहिल्या. मॅक्सिम तोफांवरचा तरुण अधिकारी हॅडो याने घरच्यांना कळवले की ही कत्तल पाहून शिसारी आल्याने मी मारा थांबवला, जनरलचा हुकूम मात्र होता की जितके टिपता येतील तितके टिपा. नंतर इंग्रजांच्या तात्पुरत्या इस्पितळात जखमी तिबेट्यांवर उपचारही झाले. आधी गोळ्या घालून मग मलमपट्टी का करतात, हे त्या बिचाऱ्यांना उमगत नव्हते.

इथे मुलांना एक गोष्ट निर्भयपणे सांगावी : भिंतीशी उभे राहून शस्त्रे हिसकावणारे हात भारतीय होते. ते शिपाई पोटासाठी पलटणीत भरती झालेले, हुकुमाचे ताबेदार. त्यांना दोष देण्यासाठी नव्हे, पण साम्राज्य कसे चालते ते कळण्यासाठी हे सांगायला हवे. एका जिंकलेल्या देशातली माणसे पुढे करून दुसरा देश जिंकायचा.

मे महिन्यात कारो ला खिंडीत अठरा हजार फुटांवर चकमक झाली. ६ जुलैला ग्यांत्सेचा किल्ला तोफांनी भगदाड पाडून घेतला. ३ ऑगस्टला फौज ल्हासात शिरली. दलाई लामा तोवर मंगोलियाच्या वाटेला लागले होते. ७ सप्टेंबरला पोतालात करार झाला : तिबेटने ७५ लाख रुपये खंडणी द्यावी, दरसाल एक लाख, ती फिटेपर्यंत चुंबीचे खोरे इंग्रजांकडे. नंतर ही रक्कम २५ लाखांवर आणली गेली आणि चीनने ती भरली. इंग्रजांच्या सांगण्यावरून अंबानने दलाई लामांना पदच्युत केल्याची जाहीर नोटीस ल्हासात चिकटवली, तेव्हा लोकांनी तिच्यावर शेण फासले. अंबानच्या हुकुमाला शहरात किती मान होता, हे दाखवायला दुसरा पुरावा कशाला?

आणि इथे आपल्या मुंबईचा उल्लेख यायलाच हवा. डिसेंबर १९०४ मध्ये मुंबईत राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले, अध्यक्ष सर हेन्री कॉटन. १८५८ च्या कायद्यात अशी तरतूद होती की परकी आक्रमण परतवण्याखेरीज हिंदुस्थानच्या सीमेबाहेर लढाई करायची तर पार्लमेंटच्या संमतीवाचून हिंदुस्थानचा पैसा वापरता येणार नाही. सरकारने या स्वारीला शेवटपर्यंत ‘राजनैतिक मिशन’ म्हटले आणि ती तरतूद निकामी केली, असा निषेधाचा ठराव या अधिवेशनाने केला. म्हणजे तिबेटवरची स्वारी अन्यायाने, आपल्या खिशातून झाली, हे आपल्याच शहरात, त्याच वर्षी बोलले गेले होते. आपल्या पुस्तकांत राष्ट्रीय सभेची अधिवेशने येतातच. हा ठराव दोन ओळींत सहज बसेल.

यंगहजबंड परत गेला आणि खरे संकट पूर्वेकडून आले. इंग्रजांनी तिबेटला खिळखिळे केले, मग १९०६ आणि १९०७ मध्ये चीन आणि रशियाशी करार करून तिबेटवरची चीनची अधिसत्ता कागदावर पक्की केली. पुन्हा तिबेटला न विचारता. १९०५ मध्ये पूर्वेकडच्या खाम प्रदेशात बाथांगला उठाव झाला, तो चिरडायला झाओ अरफंग आला. मठांचे अधिकार मोडणे, सिच्वानमधून शेतकरी आणून वसवणे, स्थानिक राजे हटवून चिनी दंडाधिकारी नेमणे, हा त्याचा कार्यक्रम. साम्पेलिंगच्या मठाला त्याने काही महिने वेढा घातला आणि पाणी तोडून तो घेतला. लोक त्याला खाटीक म्हणत. १९१० च्या फेब्रुवारीत चिनी फौज ल्हासात घुसली आणि जेमतेम परत आलेले दलाई लामा यावेळी भारतात, दार्जिलिंगकडे आले. ज्यांच्या तोफांनी सहा वर्षांपूर्वी त्यांना पळवले, त्यांच्याच आश्रयाला.

१९११ मध्ये मांचू सत्ता कोसळली. ल्हासातली चिनी फौज आपसांत फुटली, तिबेट्यांनी तिला घेरले, नेपाळच्या वकिलाच्या मध्यस्थीने शस्त्रे खाली ठेवायला लावली आणि भारतामार्गे समुद्राने घरी धाडले. १९१३ च्या सुरुवातीला दलाई लामा ल्हासाला परतले आणि त्यांनी जाहीरनामा काढून स्वतंत्र कारभार हाती घेतला. इथून पुढची ३८ वर्षे ल्हासात एकही परकी शासक नव्हता. सिमला परिषदेत १९१३-१४ मध्ये लोन्छेन शात्रा हे तिबेटचे प्रतिनिधी ब्रिटिश आणि चिनी प्रतिनिधींच्या बरोबरीने बसले. ज्या मॅकमहोन रेषेवर भारताचा आजचा पूर्वेकडचा दावा उभा आहे, ती रेषा तिबेटने आखून मान्य केली होती. तिबेटला तह करण्याचा अधिकारच नव्हता असे मानले, तर आपल्याच रेषेखालची जमीन सरकते. आपल्या सीमेबद्दल मुलांनी काही ठामपणे बोलावे असे वाटत असेल तर हा एक मुद्दा त्यांना नीट कळलाच पाहिजे.

पूर्वेची सीमा मात्र धुमसतच राहिली. १९१७ मध्ये गवत कापण्यावरून उडालेल्या चकमकीतून युद्ध पेटले. एप्रिल १९१८ मध्ये तिबेटी फौजेने खाममधले चाम्दो घेतले आणि एरिक टाइखमन या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या मध्यस्थीने तह झाला. १९३०-३२ मध्ये दोन मठांच्या भांडणातून पुन्हा लढाई झाली आणि तीत तिबेटने द्री-छू, म्हणजे वरची यांगत्से, या नदीपलीकडचा मुलूख गमावला.

या ३८ वर्षांचे कौतुकच करावे, असे मी म्हणत नाही. तेराव्या दलाई लामांनी नवी फौज, नवे कर आणले, तर मोठ्या मठांनी आणि सरदारांनी ते हाणून पाडले. कराच्या वादातून, दलाई लामांच्या खालोखाल मान असलेले पंचेन लामा १९२३ मध्ये चीनकडे निघून गेले. कुळे जमीनदारांना आणि मठांना बांधलेली होती. जगाशी राजनैतिक संबंध वाढवायचे राहून गेले, ते सुचले तोवर उशीर झाला होता. वर्गातल्या त्या मुलीच्या “घेऊ कसा दिला” या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथे आहे आणि ते तिबेटी लोक स्वतःही देतात. तिबेटला पाठात स्वर्ग करू नका. स्वर्गाला इतिहास नसतो असे मुलांना वाटू लागते.

७ ऑक्टोबर १९५० रोजी चीनच्या मुक्तिसेनेने द्री-छू ओलांडली. सुमारे चाळीस हजार चिनी सैनिकांसमोर आठेक हजार तिबेटी. १९ तारखेला चाम्दो पडले. साम्राज्यवाद्यांच्या तावडीतून तिबेटला सोडवायला आलो, असे सांगण्यात आले. त्या वेळी तिबेटात असलेले पाश्चात्त्य लोक हातांच्या बोटांवर मोजण्याइतके होते. तिबेटने संयुक्त राष्ट्रांकडे दाद मागितली. एल साल्वादोरने तो विषय मांडला. भारताचे प्रतिनिधी, नवानगरचे जामसाहेब, यांनी शांततेने मार्ग निघेल असे सांगितले आणि चर्चा पुढे ढकलली गेली, ती गेलीच. २३ मे १९५१ रोजी बीजिंगमध्ये तिबेटवर चीनची सत्ता मान्य करणारा १७ कलमांचा करार झाला. त्यावर उमटलेले तिबेटी शिक्के बीजिंगमध्येच बनवलेले होते.

स्वतंत्र भारताबद्दल एक वाक्य पाठात आवर्जून असावे. १९०४ च्या करारातून मिळालेली ग्यांत्से आणि यातुंगची लष्करी तुकडी स्वातंत्र्यानंतरही तिथे भारताच्या नावाने होती. २९ एप्रिल १९५४ च्या कराराने आपण ती काढून घेतली, डाक-तार यंत्रणा आणि बारा विश्रामगृहे चीनच्या हवाली केली. पंचशील याच कराराच्या प्रस्तावनेत आहे. साम्राज्याचा तो वारसा सोडणे योग्यच होते. पण ज्याच्या भूमीवर तो होता त्या तिबेटची सही या करारावर नव्हती. त्याच वर्षी २६ ऑगस्टला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी राज्यसभेत या धोरणावर कडक टीका केली आणि चीनला ल्हासा घेऊ दिल्याने त्याची सीमा आपल्या दाराशी आली, असे बजावले. बाबासाहेबांचे हे भाषण महाराष्ट्राच्या मुलांना माहीत नसावे, याचे मला फार वाईट वाटते.

१९५६ मध्ये खाममधल्या लिथांगच्या मठावर विमानांतून बाँब पडले, १९५८ मध्ये खामच्या लढवय्यांनी ‘छुशी गांगद्रुक’ ही सेना उभारली, १० मार्च १९५९ ला ल्हासा उठले आणि महिनाअखेर दलाई लामा भारतात आले. हा भाग तुलनेने लोकांना ठाऊक आहे. तो थोडक्यात आला तरी चालेल.

एक शंका आपल्या बैठकीत निघेल, ती आधीच घेतो. तिबेट स्वायत्त प्रदेश चीनचा भाग असल्याचे भारत सरकार मानते. २००३ मध्ये तसे लेखी नोंदवलेही आहे. मग राज्याच्या पुस्तकात हे कसे छापायचे? सरकारची भूमिका आजच्या कारभाराबद्दल आहे. १८४२ चा तह कुणी केला आणि गुरूच्या मैदानात कोण मेले, हे त्या भूमिकेने बदलत नाही. सरकारची भूमिकाही पाठात जशीच्या तशी द्या आणि घडलेलेही द्या. चौदा-पंधरा वर्षांची मुले दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून वाचू शकतात, हा माझा रोजचा अनुभव आहे.

पाठासोबतच्या नकाशाकडे मात्र विशेष लक्ष द्यावे. त्यात आजचा स्वायत्त प्रदेशच दाखवला, तर बाथांग, लिथांग आणि आम्दोतली ठिकाणे नकाशाबाहेर पडतील आणि पाठात वाचलेल्या अर्ध्या लढाया कुठे झाल्या ते मुलांना सापडणार नाही. ऊ-त्सांग (मध्य तिबेट), खाम आणि आम्दो हे तिन्ही प्रदेश दिसावेत, द्री-छू नदी ठळक असावी, ताकलाकोट, ग्यांत्से, चाम्दो यांच्यावर खुणा असाव्यात. तिबेटी नावांचे मराठी उच्चार ठरवताना तिबेटी जाणणाऱ्या माणसाला विचारावे, इंग्रजी स्पेलिंगवरून अंदाजाने लिहू नयेत.

आणि स्वाध्यायात ‘यंगहजबंड : टीप लिहा’ एवढाच प्रश्न नसावा. ‘१८४२ चा तह कोणाकोणात झाला?’, ‘१८९०, १९०६ आणि १९५४ च्या करारांवर कोणाची सही नाही?’, ‘मुंबईच्या १९०४ च्या अधिवेशनाने कशाचा निषेध केला?’ असे प्रश्न असावेत. पाठाचा कच्चा मसुदा लिहून पाठवायला मी तयार आहे. आपण म्हणाल त्या शब्दमर्यादेत बसवून देईन.

आपला,
पूर्व विदर्भातला एक इतिहास शिक्षक